'बुद्धीचे ऑलिंपिक' आणि स्वतंत्र व्यासपीठाचा प्रश्न : आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक व कलास्पर्धांची समीक्षा

प्रस्तावना

शालेय स्पर्धांकडे शिक्षणविचारात फारसे गांभीर्याने पाहिले जात नाही. वक्तृत्व, निबंध, विज्ञान-प्रदर्शन, गायन, चित्रकला इत्यादी स्पर्धा अभ्यासक्रमाच्या परिघावरील उपक्रम मानल्या जातात आणि पारितोषिक-वितरणाचे छायाचित्र वार्षिक अंकात छापून आले की त्यांचे प्रयोजन संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या समाजाची बौद्धिक पात्रताच पिढ्यानुपिढ्या नाकारली गेली, त्या समाजाच्या दृष्टीने स्पर्धेचे व्यासपीठ ही केवळ उपचाराची बाब राहत नाही. तेथे बोलण्यास कोण उभा राहतो, त्याचे मूल्यमापन कोण करतो आणि ऐकण्यास कोण बसलेले असते, हे तिन्ही प्रश्न सामाजिक सत्तेचे प्रश्न बनतात.

अमेरिकेतील आफ्रिकन-अमेरिकन माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी १९७८ पासून भरविली जाणारी 'ॲक्ट-सो' ही स्पर्धा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. 'ॲफ्रो-ॲकॅडेमिक, कल्चरल, टेक्नॉलॉजिकल अँड सायंटिफिक ऑलिंपिक्स' या दीर्घ नावाचे ते संक्षिप्त रूप होय. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल', अर्थात एन.ए.ए.सी.पी. या नागरी हक्क संघटनेमार्फत ती घेतली जाते. प्रस्तुत लेखात या स्पर्धेची कल्पना, तिची पूर्वपीठिका, तिची रचना व तिच्यातील अंतर्विरोध यांची समीक्षा केली आहे. स्वतंत्र स्पर्धेचे मूल्य पदकविजेत्यांच्या यादीवरून ठरवू नये. तिने घडविलेली तयारीची व्यवस्था, तिने स्वीकारलेले निकष आणि तिने निर्माण केलेला श्रोतृवर्ग या तीन कसोट्यांवर ते ठरवावे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सक्तीच्या वेगळेपणातील स्पर्धा

आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र स्पर्धांचा इतिहास ॲक्ट-सोच्या पुष्कळ आधी सुरू होतो. १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यातील निकालाने 'वेगळे परंतु समान' या तत्त्वाला वैधता दिली आणि दक्षिणेतील राज्यांमध्ये शाळांसह सर्वच सार्वजनिक व्यवस्था वर्णाच्या आधारे विभागल्या गेल्या. टेक्सासमध्ये श्वेतवर्णीय शाळांच्या आंतरशालेय संघटनेत कृष्णवर्णीय शाळांना प्रवेश नव्हता. त्यामुळे १९२० मध्ये कृष्णवर्णीय शाळांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. प्रेअरी व्ह्यू येथील महाविद्यालयाच्या आश्रयाने चालणारी ही संघटना पुढे 'प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग' या नावाने ओळखली गेली. क्रीडास्पर्धांबरोबरच वाङ्मयीन व संगीतविषयक स्पर्धाही ती घेत असे. मुख्य प्रवाहाने दार बंद केले म्हणून उभारलेली ही व्यवस्था होती; तथापि तिच्यात शिक्षक, परीक्षक, आयोजक आणि श्रोते हे सर्व त्याच समाजातील असत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शाळाबाह्य संस्थांनीही हे कार्य केले. कृष्णवर्णीय 'एल्क्स' या बंधुसंस्थेच्या वक्तृत्व स्पर्धेत विद्यार्थ्यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेसंबंधी भाषणे करावीत अशी अपेक्षा असे. विषयाची ही निवड सहेतुक होती. ज्या घटनेचे संरक्षण आपल्याला प्रत्यक्षात मिळत नाही, तिच्याच शब्दांचा अर्थ लावण्याचा अधिकार या मुलांना या व्यासपीठाने दिला. एप्रिल १९४४ मध्ये जॉर्जिया राज्यातील डब्लिन या गावी झालेल्या अशा स्पर्धेत अटलांटाच्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलचा १५ वर्षांचा एक विद्यार्थी 'निग्रो आणि राज्यघटना' या विषयावर बोलला. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. परतीच्या प्रवासात बसचालकाने त्याला व त्याच्या शिक्षिकेला श्वेतवर्णीय प्रवाशांसाठी जागा सोडण्यास फर्माविले. प्रथम त्याने नकार दिला, परंतु शिक्षिकेच्या आग्रहामुळे तो उठला आणि सुमारे ९० मैलांचा प्रवास दोघांनी उभ्याने केला. आयुष्यात आपल्याला इतका संताप कधीच आला नव्हता, असे किंग यांनी पुढे नमूद केले आहे.

व्यासपीठावर नागरिक म्हणून बोलणारा विद्यार्थी व्यासपीठावरून उतरताच नागरिक राहत नाही, हा अनुभव या प्रसंगात एकवटलेला आहे. स्वतंत्र स्पर्धा विद्यार्थ्याला वाणी देते, परंतु बसमधील जागा देऊ शकत नाही. तिच्या सामर्थ्याचा आणि मर्यादेचा इतका स्पष्ट दाखला अन्यत्र क्वचितच सापडेल.

मुख्य प्रवाहातील स्पर्धेत प्रवेश मिळूनही स्थिती फारशी वेगळी नव्हती. ओहायोतील ॲक्रन येथील मॅकनोलिया कॉक्स ही १३ वर्षांची मुलगी १९३६ मध्ये राष्ट्रीय शब्दलेखन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. तिच्यासह न्यू जर्सीतील एलिझाबेथ केनी हीदेखील होती. त्या फेरीत पोहोचलेल्या या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन मुली. वॉशिंग्टनमध्ये मॅकनोलियाला इतर स्पर्धकांच्या हॉटेलात उतरता आले नाही व भोजनसमारंभातही तिला वेगळे बसविण्यात आले. अखेरच्या टप्प्यात तिला 'नेमेसिस' हा शब्द देण्यात आला. तो अधिकृत शब्दसूचीत नसल्याचा आक्षेप तिच्या बाजूने घेण्यात आला, परंतु तो फेटाळला गेला आणि तिला पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. एकेकाळी गावाने मिरवणुकीने निरोप दिलेली ही मुलगी पुढील आयुष्यात घरकाम करून राहिली. कवी ए. व्हॅन जॉर्डन यांनी २००४ मध्ये तिच्यावर एक संपूर्ण कवितासंग्रह लिहिला, तेव्हा तिचे नाव वाचकांसमोर पुन्हा आले.

या स्पर्धेचे विजेतेपद एका आफ्रिकन-अमेरिकन मुलीला मिळण्यास २०२१ हे वर्ष उजाडावे लागले. लुइझियानातील झैला आव्हाँ-गार्ड हिने त्या वर्षी 'मुराया' या शब्दाचे अचूक लेखन करून ते पटकाविले. भारतीय स्वयंपाकघरातील कढीपत्त्याला दीर्घकाळ ज्या वनस्पतिशास्त्रीय प्रजातिनामाने ओळखले गेले, तेच हे नाव होय. दोन मुलींमधील ८५ वर्षांचे हे अंतर केवळ गुणवत्तेने स्पष्ट होत नाही. स्पर्धेचे दार उघडे असणे आणि त्या दारापर्यंत पोहोचण्याची, आत गेल्यावर न्याय्य वागणूक मिळण्याची व्यवस्था असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एकात्मीकरणाचा लाभ आणि हानी

१९५४ च्या ब्राउन निकालाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. या निकालाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्याची अंमलबजावणी ज्या पद्धतीने झाली, तिची एक किंमत कृष्णवर्णीय समाजाने मोजली. एकात्मीकरणाच्या नावाखाली अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय शाळाच बंद करण्यात आल्या व हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक यांनी नोकऱ्या गमावल्या. टेक्सासमधील स्वतंत्र लीगचे सदस्य १९६७ पासून पूर्वी केवळ श्वेतवर्णीयांच्या असलेल्या संघटनेत सामावले जाऊ लागले आणि १९७० पर्यंत ती लीग विसर्जित झाली.

शिक्षणेतिहासकार व्हॅनेसा सिडल वॉकर यांनी नॉर्थ कॅरोलिनातील एका विभक्त शाळेचा अभ्यास करून १९९६ मध्ये 'देअर हायेस्ट पोटेन्शल' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधनसामग्रीचा अभाव असलेल्या या शाळेत विद्यार्थ्यांविषयीची शिक्षकांची अपेक्षा व पालकांचा सहभाग किती दृढ होता, हे त्यांनी दाखविले आहे. वर्णविभाजनाचे समर्थन हा या अभ्यासाचा हेतू नाही. अन्यायकारक व्यवस्थेच्या पोटात घडलेली एक मौल्यवान शैक्षणिक संस्कृती ती व्यवस्था मोडताना नष्ट झाली, एवढेच त्यातून सूचित होते. नव्या, एकत्रित शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी मैदानावर दिसू लागला. परंतु वादसभा, विज्ञानमंडळ किंवा उच्च स्तरावरील गणिताच्या वर्गात त्याची उपस्थिती विरळच राहिली. ॲक्ट-सोचा उदय या पोकळीच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

ॲक्ट-सो : कल्पना आणि रचना

ॲक्ट-सोचे संस्थापक व्हर्नन जॅरेट हे शिकागोतील ख्यातनाम पत्रकार. 'शिकागो डिफेंडर'पासून सुरुवात करून त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून' व 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकांत स्तंभलेखन केले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांपैकीही ते एक होत. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. समाजात खेळाडूच्या वाट्याला येणारा जयघोष अभ्यासू मुलाच्याही वाट्याला यावा, ही त्यांची मूळ भूमिका होती. 'बुद्धीचे ऑलिंपिक' हे स्पर्धेचे घोषवाक्यवजा वर्णन याच भूमिकेतून आले. १९७८ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे एन.ए.ए.सी.पी.च्या वार्षिक अधिवेशनात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

नववी ते बारावी या इयत्तांतील आफ्रिकन वंशाच्या विद्यार्थ्यांना स्पर्धेत भाग घेता येतो. विज्ञान व तंत्रज्ञान, मानव्यविद्या, प्रयोगकला, दृश्यकला, व्यवसाय आणि पाककला अशा विभागांत तीसहून अधिक प्रकार आहेत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी यांबरोबर काव्य, कथा, नाट्यलेखन, निबंध व वक्तृत्व. गायन, वादन, नृत्य व अभिनय यांबरोबर वास्तुकला, शिल्प, छायाचित्रण व चित्रपट असा तिचा विस्तार आहे. संघटनेच्या स्थानिक शाखा वर्षभर मार्गदर्शनाचा कार्यक्रम चालवितात. त्यानंतर स्थानिक स्पर्धा होते व तेथील सुवर्णपदकविजेते उन्हाळ्यात अधिवेशनासमवेत होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात.

या रचनेतील एक बाब विशेष उल्लेखनीय आहे. रसायनशास्त्राचा प्रकल्प सादर करणारी मुलगी आणि शिल्प घडविणारा मुलगा एकाच छत्राखाली, एकाच समारंभात आणि एकाच प्रकारच्या पदकासाठी उभे असतात. विज्ञानाला गंभीर व कलेला रंजक मानण्याची जी उतरंड शाळांमध्ये रूढ आहे, ती येथे किमान संरचनेच्या पातळीवर नाकारली जाते. नावातच शास्त्रीय, तांत्रिक व सांस्कृतिक ही विशेषणे शेजारी शेजारी येतात, हा योगायोग नव्हे.

निवड की घडण?

ॲक्ट-सोचे वेगळेपण स्पष्ट होण्यासाठी तिची तुलना दुसऱ्या एका उपक्रमाशी करणे उपयुक्त ठरेल. १९६४ मध्ये 'नॅशनल अचीव्हमेंट स्कॉलरशिप प्रोग्रॅम' सुरू झाला. कृष्णवर्णीय माध्यमिक विद्यार्थ्यांना प्रमाणित चाचणीतील गुणांच्या आधारे हेरून शिष्यवृत्ती देणे व महाविद्यालयांच्या नजरेस आणून देणे, हे त्याचे कार्य होते. २०१५ मध्ये तो बंद झाला. या उपक्रमाने असंख्य विद्यार्थ्यांना लाभ करून दिला, यात शंका नाही. परंतु त्याचे तत्त्व निवडीचे होते. गुणवत्ता अगोदरच तयार असते व चाचणी ती केवळ शोधून काढते, असे त्यात गृहीत होते.

ॲक्ट-सोचे तत्त्व, निदान तिच्या उत्तम रूपात, घडणीचे आहे. विद्यार्थी एखादी कृती, प्रकल्प वा सादरीकरण कित्येक महिने घडवितो. त्या काळात एखादा अभियंता, संगीतकार, डॉक्टर किंवा शिक्षक त्याला मार्गदर्शन करतो. आणि परीक्षकांसमोर उभे राहून त्याला आपल्या कामाचे समर्थन करावे लागते. स्थानिक फेरीत पदकासाठी ठरावीक गुणमर्यादा असते. केवळ इतरांपेक्षा सरस ठरून भागत नाही, ती मर्यादा गाठावी लागते. चाचणीत मुलाच्या समोर प्रश्नपत्रिका असते, येथे माणसे असतात. आपल्याच वस्तीत राहणारा किंवा आपल्यासारखाच दिसणारा एक शास्त्रज्ञ आपला प्रयोग लक्षपूर्वक ऐकत आहे, हा अनुभव गुणपत्रिका देऊ शकत नाही.

या ठिकाणी शिक्षणाच्या समाजशास्त्रातील एका प्रसिद्ध वादाचा संदर्भ घ्यावा लागतो. सिग्निथिया फोर्डम व जॉन ओग्बू यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टनमधील एका शाळेच्या अभ्यासावरून असे मांडले की, अभ्यासात चमकणे म्हणजे 'गोऱ्यांसारखे वागणे' होय, अशी धारणा कृष्णवर्णीय किशोरांमध्ये असते व तिच्या दडपणाखाली हुशार मुले आपली हुशारी लपवितात. हा सिद्धान्त अतिशय लोकप्रिय झाला. परंतु कॅरोलिन टायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून निराळे चित्र पुढे आले. अशी धारणा कृष्णवर्णीय संस्कृतीतच अंगभूत नसून, ज्या शाळांत वरच्या श्रेणीचे वर्ग जवळजवळ केवळ श्वेतवर्णीयांचेच असतात त्या शाळांच्या रचनेतून ती उद्भवते, असे त्यांनी दाखविले.

ॲक्ट-सोच्या कल्पनेतील निदान या दुसऱ्या मताशी जुळणारे आहे. मुलांना ज्ञानाची आस नाही, असे ते मानत नाही. समाजाने ज्ञानाचा जयघोष केलेला नाही, असे ते मानते. दोष विद्यार्थ्याच्या मनात शोधण्याऐवजी तो श्रोतृवर्गाच्या अभावात शोधला गेला, ही या कल्पनेची खरी वैचारिक कमाई आहे.

निकषांचा प्रश्न

कलाक्षेत्रातील स्वतंत्र स्पर्धेपुढे मात्र एक अधिक बिकट प्रश्न उभा राहतो. परीक्षण कोणत्या सौंदर्यदृष्टीने करावयाचे? हा प्रश्न जुना आहे. १९२० च्या दशकात 'द क्रायसिस' व 'ऑपर्च्युनिटी' या नियतकालिकांनी कृष्णवर्णीय लेखकांसाठी वाङ्मयीन स्पर्धा घेतल्या. मे १९२५ मधील 'ऑपर्च्युनिटी'च्या पारितोषिक-समारंभात लँग्स्टन ह्यूज यांना कवितेचे पहिले पारितोषिक मिळाले आणि झोरा नील हर्स्टन यांचाही गौरव झाला. हार्लेम प्रबोधनाच्या इतिहासात या स्पर्धांचे स्थान मोठे आहे. परंतु त्यांच्या परीक्षकमंडळात प्रस्थापित श्वेतवर्णीय साहित्यिकांचा भरणा होता. स्पर्धा आपली, पण मोजपट्टी कोणाची, हा पेच तेथेच निर्माण झाला. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, ह्यूज यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात कृष्णवर्णीय कलावंताने श्वेत निकषांचे अनुकरण करण्याची आकांक्षा सोडावी, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी कृष्णवर्णीय कलेचा न्याय अखेर कृष्णवर्णीय समाजानेच करावयास हवा, असे आग्रहाने मांडले.

ॲक्ट-सोच्या वर्गीकरणाकडे या दृष्टीने पाहिले असता एक विसंगती जाणवते. गायन व वादन यांचे 'शास्त्रीय' आणि 'समकालीन' असे दोन भाग तेथे केलेले आहेत. व्यवहारात 'शास्त्रीय' या शब्दाने प्राधान्याने युरोपीय संगीतपरंपरा सूचित होते. आणि जॅझसारखे संगीत, ज्याला शतकाहून अधिक काळाची परंपरा, स्वतःचे व्याकरण व स्वतःचे श्रेष्ठ आचार्य आहेत, ते 'समकालीन' ठरते. वर्गीकरण ही तटस्थ सोय नसते. तो एक सौंदर्यशास्त्रीय निर्णय असतो. स्वतःच्या समाजाची अभिजात निर्मिती ज्या रकान्यात बसते त्यावरून मुलाला आपल्या वारशाची किंमत कळते. कृष्णवर्णीय अस्मितेच्या गौरवासाठी उभारलेल्या स्पर्धेने हा रकाना पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

याची दुसरी बाजूही मान्य करावयास हवी. युरोपीय शास्त्रीय संगीतात प्रावीण्य मिळविणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्या क्षेत्रात एकटेपणाचा सामना करावा लागतो. त्याच्यासाठी आपल्या समाजातच सन्मानाची जागा ठेवणे हेही स्वतंत्र व्यासपीठाचे कर्तव्य आहे. प्रश्न युरोपीय परंपरेला वगळण्याचा नाही. 'शास्त्रीय' या उपाधीवर तिचा एकाधिकार असावा काय, हा आहे.

विजेत्यांची यादी आणि मूळ हेतू

ॲक्ट-सोच्या प्रसिद्धीसाठी तिच्या माजी स्पर्धकांची नावे वारंवार दिली जातात. त्यांत चित्रपट-दिग्दर्शक जॉन सिंगलटन, अभिनेता अँथनी अँडरसन, अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथ, गायिका जेनिफर हडसन, रॅप-गायक कान्ये वेस्ट अशी नावे प्रामुख्याने आढळतात. यांचे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे. परंतु ही यादी आणि स्पर्धेचा मूळ हेतू यांत एक अंतर्विरोध आहे, त्याकडे समीक्षकांचे लक्ष जावयास हवे.

अमेरिकन समाज कृष्णवर्णीय माणसाची प्रतिभा दोनच ठिकाणी सहज मान्य करतो : मैदानावर आणि रंगमंचावर. ॲक्ट-सोने मैदानाच्या एकाधिकाराला आव्हान दिले. परंतु तिच्या जाहिरातीत रंगमंचाचा प्रकाशझोत पुन्हा त्याच ठिकाणी पडला. याच स्पर्धेतून जाऊन पुढे गणिताचा शिक्षक, रुग्णालयातील वैद्य किंवा पुलाचा आराखडा करणारी अभियंता झालेल्या व्यक्तींची नावे जनतेला ठाऊक नसतात. ती तशी असणे स्वाभाविकही आहे. मात्र बुद्धीच्या ऑलिंपिकचे यश सांगताना प्रसिद्धीचा निकष वापरला की, ज्या मूल्यव्यवस्थेविरुद्ध स्पर्धा उभी राहिली तीच मागील दाराने आत येते.

'ऑलिंपिक' या रूपकाचीही अशीच चिकित्सा करावी लागेल. क्रीडाजगताचा जयघोष अभ्यासाकडे वळविण्यासाठी क्रीडेचीच परिभाषा उसनी घेणे हे डावपेच म्हणून प्रभावी ठरले. परंतु पदकाच्या परिभाषेत एक जिंकतो व बहुसंख्य हरतात. डू बॉइस यांनी १९०३ मध्ये 'प्रतिभावान दशांश' या निबंधातून समाजाच्या उत्थानाची धुरा सुशिक्षित अल्पसंख्येवर सोपविली होती. १९४८ मध्ये त्यांनी स्वतःच त्या विचाराची फेरतपासणी करून चारित्र्य व त्याग यांवर भर दिला. ॲक्ट-सोपुढेही हाच प्रश्न आहे. ती दहापैकी एकाला निवडण्याचे यंत्र आहे की दहाही जणांच्या तयारीची पाठशाळा? तिच्या वर्षभराच्या मार्गदर्शन-कार्यक्रमाकडे पाहिले तर ती पाठशाळा वाटते; राष्ट्रीय समारंभाकडे पाहिले तर ती निवडयंत्र भासते.

आणखी एक मर्यादा संघटनात्मक स्वरूपाची आहे. स्पर्धेचा सर्व भार स्थानिक शाखांतील स्वयंसेवकांवर असतो. जेथे शाखा सक्रिय, व्यावसायिक वर्ग मोठा आणि देणगीदार उपलब्ध, तेथे मार्गदर्शनही समृद्ध. ज्या ग्रामीण वा दरिद्री भागात शाखाच क्षीण आहे, तेथील विद्यार्थी ज्या साहाय्याची त्याला सर्वाधिक गरज आहे त्यापासूनच वंचित राहण्याची शक्यता असते. वर्णाच्या आधारे झालेला अन्याय दूर करणारी रचना वर्गाच्या आधारे होणाऱ्या विषमतेपासून आपोआप मुक्त होत नाही.

कायद्याच्या कसोटीवर स्वतंत्र व्यासपीठ

या चर्चेला अलीकडील न्यायालयीन निर्णयांमुळे निकड प्राप्त झाली आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रकरणांत प्रवेशप्रक्रियेतील वर्णाधारित विचार अवैध ठरविला. त्यानंतर जून २०२४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने अटलांटातील 'फिअरलेस फंड' या संस्थेची, कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना २० हजार डॉलरचे अनुदान देणारी स्पर्धा स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. त्यासाठी आधार घेतला गेला तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या तरतुदीचा. नुकत्याच गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना श्वेतवर्णीयांप्रमाणेच करार करण्याचा हक्क मिळावा, म्हणून तो कायदा करण्यात आला होता. स्पर्धा हाही एक करार होय, या युक्तिवादाने तोच कायदा कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीच्या स्पर्धेविरुद्ध वापरला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड होऊन ती स्पर्धा बंद झाली.

शालेय विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक स्पर्धेला हा निर्णय जसाच्या तसा लागू होतो, असे म्हणता येणार नाही. तथापि स्वतंत्र व्यासपीठाच्या समर्थकांना आता केवळ भावनेचा आधार पुरणार नाही, हे उघड आहे. १९२० मध्ये टेक्सासमधील शाळांचे वेगळेपण इतरांनी लादलेले होते. १९७८ मध्ये पोर्टलंड येथे जमलेल्यांचे वेगळेपण त्यांनी स्वतः निवडलेले होते. पहिल्याचा हेतू वगळण्याचा, दुसऱ्याचा भरून काढण्याचा. कायद्याच्या भाषेत दोन्ही 'वर्णाधारित' ठरत असली, तरी शिक्षणाच्या दृष्टीने ती परस्परविरोधी आहेत. हा भेद स्पष्ट शब्दांत मांडणे हे शिक्षणसमीक्षेचे काम आहे.

मराठी विचारविश्वाशी नाते

हा प्रश्न मराठी वाचकास परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा १८७३ मधील ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच 'ब्लॅक पँथर'कडून घेतले, आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याचा परिचय मराठीत साक्षेपाने करून दिला.

स्वतंत्र व्यासपीठाची चर्चाही मराठीत दीर्घकाळ झाली आहे. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले व अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. तेव्हापासून वेगळे संमेलन, वेगळे नियतकालिक व वेगळे निकष यांची आवश्यकता काय, असा प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर पुढील दशकांत निर्माण झालेल्या आत्मकथने व कविता यांनी दिले. वेगळ्या व्यासपीठावर घडलेल्या साहित्याने अखेर मुख्य प्रवाहाचीच मोजपट्टी बदलली. ॲक्ट-सोसारख्या स्पर्धांचे मूल्यमापन करतानाही हाच निकष लावणे उचित ठरेल. त्या स्पर्धांनी आपल्या मुलांना प्रस्थापित मोजपट्टीवर उंच ठरविले काय, एवढेच पाहून चालणार नाही. त्या मोजपट्टीविषयी प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य त्यांना दिले काय, हेही पाहावे लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या स्पर्धा विभाजनाच्या काळात नाइलाजाने सुरू झाल्या. परंतु त्यांनी केवळ बंद दाराची भरपाई केली नाही, तर शिक्षक, परीक्षक व श्रोते यांचा एक स्वायत्त समुदाय घडविला. एकात्मीकरणाच्या प्रक्रियेत तो समुदाय विस्कळीत झाला आणि ॲक्ट-सोने त्याची स्वेच्छेने पुनर्रचना करण्याचा प्रयत्न केला. चाचणीऐवजी निर्मितीला, गुणांऐवजी सादरीकरणाला व एकाकी यशाऐवजी मार्गदर्शनाच्या नात्याला दिलेले प्राधान्य हे तिचे सामर्थ्य होय. संगीताच्या वर्गीकरणातील युरोपकेंद्री दृष्टी, प्रसिद्ध कलावंतांच्या नावांवर विसंबणारी यशाची व्याख्या आणि स्थानिक शाखांच्या कुवतीनुसार बदलणारी संधी या तिच्या उणिवा होत.

या उणिवांवरून स्पर्धाच अनावश्यक ठरत नाही. १९४४ मधील त्या विद्यार्थ्याला भाषणाने बसमधील जागा मिळवून दिली नाही, हे खरे. परंतु राज्यघटनेचा अर्थ मोठ्याने सांगण्याचा सराव त्याला ज्या व्यासपीठांनी दिला, त्यांपैकी एक ते होते. परतीच्या वाटेवर त्याच्यासोबत उभी राहिलेली शिक्षिका त्या व्यासपीठाचाच भाग होती. तिचे नाव पदकांच्या यादीत नसते. महाविद्यालयीन अध्यापकांनी स्पर्धांचे आयोजन, परीक्षण वा मार्गदर्शन करताना पारितोषिकाच्या आधीच्या त्या महिन्यांकडे आणि त्या महिन्यांत विद्यार्थ्यासोबत उभे राहणाऱ्या व्यक्तीकडे अधिक लक्ष द्यावे, हाच या समीक्षेचा व्यावहारिक आशय आहे.